वीस चिंचोके

सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या काही दुकानदारांना अण्णा चांगले ठाऊक होते. दर आठवड्याला ठरलेल्या वारी ते यायचे, ज्वारी, तूरडाळ, गोडेतेल, गूळ, धोतरजोडी यांचे भाव विचारायचे, वहीत टिपायचे आणि काही न घेता निघून जायचे. दुकान तेच, मालाची प्रत तीच, वार तोच. एखादं दुकान बंद असलं तर त्याच्यासाठी आधीच नेमून दिलेल्या राखीव दुकानात जायचे. या नोंदी सिमल्याच्या लेबर ब्युरोकडे जात आणि त्यांतून औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक तयार होई. सोलापूर हे त्या निर्देशांकाचं जुनं केंद्र. महागाई भत्ता अशा निर्देशांकावर ठरतो हे गिरणीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण त्या आकड्याच्या मुळाशी आपल्या चाळीतला, दोन खोल्या पलीकडे राहणारा माणूस आहे, हे फार थोड्यांना माहीत होतं.

अण्णांचं आमचं नातंगोतं काही नव्हतं. त्यांच्या घरात तेलुगू, आमच्या घरात मराठी. त्यांची बायको मी लहान असतानाच गेली होती, मुलगा हैदराबादला. संध्याकाळी ते ओट्यावर बसून आकडेमोड करायचे आणि मी शेजारी बसून बघायची. मीठ आणि ज्वारी दोन्ही महाग झाली तर घराला सारखाच चटका बसतो का, असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मीठ दुपटीनं वाढलं तरी महिन्याच्या खर्चात फारसं कळत नाही, ज्वारी किलोमागे रुपयानं वाढली तरी ताटातली भाकरी लहान होते. म्हणून प्रत्येक वस्तूच्या भावाला तिचं वजन द्यायचं, ते भावाच्या बदलाशी गुणायचं आणि मग बेरीज करायची. त्या वेळी चालू असलेल्या, 1982 पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात शंभरापैकी 57 वजन एकट्या अन्नाला होतं. कामगाराच्या शंभर रुपयांतले सत्तावन्न पोटात जातात, एवढी मोठी गोष्ट त्या एका आकड्यात मावली होती.

मी बारावी झाले तेव्हा आमची गिरणी बंद पडलेली होती. माझे वडील, अप्पा, मिळेल ते काम करत होते. आई सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायची, हजार बिड्यांमागे मजुरी मिळायची, आणि घर खरं तर त्यावर चालत होतं. माझ्यापुढे तीन वाटा होत्या. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जनरल नर्सिंगची पदविका, कॉलेजात बी.एस्सी., नाही तर घरी शिलाई शिकत थांबायचं आणि आत्यानं आणलेलं स्थळ बघायचं. मला बी.एस्सी. हवं होतं. अप्पांना नर्सिंग नको होतं, पण का नको हे ते नीट सांगत नव्हते. आई गप्प होती. आमच्यासारख्या घरांत असा पेच पडला की शिकलेल्या, चार लोकांत मान असलेल्या माणसाकडे जायचं आणि तो सांगेल ते करायचं, ही रीत. आई अण्णांकडे गेली आणि म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं करू."

"वहिनी, मी सांगितलं तर निर्णय माझा होईल," अण्णा म्हणाले, "आणि भोगायचं हिला. मी सांगत नाही. कसं ठरवायचं ते दाखवतो."

त्या वाक्याची किंमत आज मला कळते, कारण ते सोपं नव्हतं. अण्णांनी एक शब्द टाकला असता तर चाळीत कुणी तो मोडला नसता. त्यांचं स्वतःचं काही मत असणार, माझ्याविषयी त्यांना जिव्हाळा होता, आणि तरी त्यांनी तो शब्द शेवटपर्यंत टाकला नाही. पुढं कितीतरी वर्षं मी त्यांना त्याबद्दल विचारत राहिले. त्यांनी कधीच सांगितलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर ते आमच्याकडे आले. हातात रेघा मारलेला एक ताव आणि मूठभर चिंचोके. आधी त्यांनी तिन्ही वाटा कागदावर घेतल्याच नाहीत. "वाट बघून वजन ठरवलं तर वजन खोटं पडतं," ते म्हणाले. आधी आम्ही तिघांनी, आपल्याला कशाकशाची पर्वा आहे ते सांगायचं. खर्च झेपेल का. घरात पैसा कधी यायला लागेल. शिकायची ओढ. रात्री-अपरात्रीची काळजी. लोक काय म्हणतील. आमच्या शब्दांत, जसे तोंडून निघाले तसे, अण्णांनी ते लिहिले आणि प्रत्येकाच्या हातात वीस-वीस चिंचोके दिले. ज्याला जे जास्त महत्त्वाचं वाटेल तिथं त्यानं जास्त ठेवायचे. वीसच मिळणार, एकविसावा नाही. आईला लिहिता येत नव्हतं. चिंचोके तिच्यासाठी होते, हे मला नंतर उमगलं.

आईनं थोडे इकडे, थोडे तिकडे ठेवले आणि नऊ हातातच राहिले. अण्णांनी विचारलं, हे कुठं? तिनं ते फरशीवर बाजूला, कुठल्याच ओळीला न लावता, वेगळे ठेवले. म्हणाली, "हिच्या हातात हिचा पैसा असावा. हे तुम्ही लिहिलंच नाही."

अण्णांनी सहावी ओळ लिहिली. मला आणि अप्पांना आमचे चिंचोके उचलून पुन्हा वाटावे लागले. आईच्या उभ्या आयुष्यात तिला कुणी असं विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी बोलून दाखवणं तिला जमलं नसतं. बिड्यांचे पैसे ती घरात आणून द्यायची, त्यातला एक रुपया स्वतःच्या मनानं खर्चायची नाही. तिच्या वीस चिंचोक्यांतले नऊ त्या एका ओळीवर गेले. माझी आई कोण आहे हे मला त्या रात्री प्रथम दिसलं.

अप्पांचंही तसंच. घरात सतत ऐकू येणारं वाक्य 'लोक काय म्हणतील' हेच होतं. पण स्वतःच्या पदरचे वीस वाटायची वेळ आली तेव्हा अप्पांनी त्यावर दोनच ठेवले. आठ ठेवले ते रात्री-अपरात्रीच्या काळजीवर. नर्सिंगला त्यांचा विरोध होता तो रात्रपाळीमुळे. पोरगी अंधारात एकटी ये-जा करणार या विचारानं ते झोपत नव्हते, आणि ही भीती बोलायची लाज वाटत होती म्हणून ते लोकांचं नाव पुढे करत होते.

तिघांचे मिळून साठ चिंचोके झाले. खर्चाला तेरा, पैसा लवकर येण्याला सात, शिकण्याच्या ओढीला चौदा (त्यातले दहा माझे), रात्रीच्या काळजीला तेरा, लोकांना दोन, हातातल्या स्वतःच्या पैशाला अकरा. मग तीन वाटा तीन रकान्यांत आल्या, आणि प्रत्येक वाटेला प्रत्येक बाबतीत दहापैकी गुण. इथं अण्णांचा आणखी एक नियम होता, तो मी आजही मोडत नाही. एका वाटेचे सगळे गुण एकदम द्यायचे नाहीत. एक ओळ घ्यायची, तिन्ही वाटांना त्या ओळीचे गुण द्यायचे, ती ओळ झाकायची, मग पुढची. नाहीतर जी वाट मनात आवडलेली असते तिला माणूस सगळीकडे आठ-नऊ देत सुटतो. गुण द्यायच्या आधी माहिती आणायची, हाही दंडक. विद्यावेतन किती, कॉलेजची फी किती, लग्नाला काय लागेल, हे विचारून यायला अण्णांनी दोन दिवस दिले. स्थळाला खर्चाच्या ओळीत दोनच गुण पडले, कारण लग्नाचा हिशोब कुणी आजवर कागदावर मांडला नव्हता, तो मांडल्यावर खर्च दिसला. नर्सिंगला त्याच ओळीत नऊ पडले, कारण तिथं शिकताना उलट पैसे मिळत होते.

गुणाकार-बेरजा मी केल्या. नर्सिंग 414, बी.एस्सी. 374, स्थळ 227.

बेरीज झाल्यावर अण्णांनी सर्वात मोठ्या आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. नर्सिंगच्या रकान्यातली रात्रीच्या काळजीची चौकट त्यांनी पेन्सिलीनं ठळक केली. तिथं चार गुण होते. अप्पांना म्हणाले, "ही चौकट तेवढी बघून या की." दुसऱ्या दिवशी अप्पा सायकलवर सिव्हिलला गेले, मुलींचं वसतिगृह आवारातच आहे, रात्रपाळीला बाहेर पडावं लागत नाही, हे डोळ्यांनी बघून आले आणि स्वतःच्या हातानं चाराचा आकडा खोडून सहा केला. बेरीज 440 झाली. अर्जावर पालकाची सही त्यांनी त्याच संध्याकाळी केली.

माझ्या दहा चिंचोक्यांचं काय, असं कुणी विचारेल. ते कागदावर होते. माझी शिकायची ओढ घरात प्रथमच मोजली गेली होती, वजनात सगळ्यात जड ठरली होती, आणि सगळं धरून निर्णय वेगळा आला होता. हट्ट नाकारला जाणं आणि आपलं म्हणणं पूर्ण धरून झाल्यावर दुसरी वाट पुढं जाणं, यांत फार फरक आहे. मी सिव्हिलला गेले ती मन मारून गेले नाही. ती ओढही पुढं फिटली, नोकरी करता करता मी पदवी घेतली, मग पदव्युत्तर शिक्षण घेतलं.

प्रसूतिकक्षात काम करायला लागले तेव्हा अण्णांची पद्धत मला दुसऱ्याच वेशात भेटली. बाळ जन्मलं की एका मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला आम्ही अपगार गुण देतो. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, उत्तेजनेला प्रतिसाद, अंगाचा रंग, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी न्यूयॉर्कमध्ये 1952 साली ही पद्धत मांडली आणि पुढच्या वर्षी ती छापून आली. बाळ 'बरं दिसतंय' असं म्हणण्यावर न थांबता पाच गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या आणि मग बेरीज करायची. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "वजन?" मी म्हटलं, पाचही सारख्याच. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, घाईच्या कामाला तेच बरं. कुठल्या गोष्टी बघायच्या हे नीट निवडलं असेल तर वजनावर अडून बसू नये.

पुढं शुश्रूषा महाविद्यालयात शिकवायला लागल्यावर संशोधनपद्धतीच्या वाचनात मला रॉबिन डॉज या मानसशास्त्रज्ञाचा 1979 चा निबंध सापडला. त्याचा निष्कर्ष अण्णांच्या ओट्यावरच्या बोलण्याशी इतका जुळत होता की मी तो दोनदा वाचला. माणसाला काय काय बघायचं ते चांगलं कळतं, पण बघितलेलं सगळं डोक्यातल्या डोक्यात एकत्र करणं त्याला नीट जमत नाही. म्हणून साधी बेरीज, अगदी सगळ्यांना सारखं वजन देऊन केलेली, अनेकदा जाणकाराच्या एकत्रित अंदाजापेक्षा सरस ठरते.

माझ्या लग्नाच्या वेळी पंचांग घरात आलं. गुणमेलनाचा तक्ता अण्णांनी माझ्यापुढे उघडला आणि मला शिकवल्यासारखं समजावलं. वर्णाला एक, वश्याला दोन, तारेला तीन, योनीला चार, ग्रहमैत्रीला पाच, गणाला सहा, राशिकूटाला सात, नाडीला आठ. एकूण छत्तीस, अठराच्या वर जुळले की चालतं. म्हणजे वजनं देऊन बेरीज करणं आपल्याकडं परकं नाहीच. ज्यांनी हा तक्ता केला त्यांना नाडी सर्वांत जड वाटली, वर्ण सर्वांत हलका. "ही त्यांची वजनं," अण्णा म्हणाले. "तुझी कुठं आहेत?" मी माझा ताव केला. ज्यांच्याशी बोलणी चालली होती त्यांना भेटीत कोरा ताव आणि वीस चिंचोके दिले. त्यांनी नाही म्हटलं नाही. 'आईकडे बघणं' या ओळीवर त्यांनी सात ठेवले आणि माझ्या नोकरीवर पाच. ते सात बघून आम्ही दोघं पुष्कळ वेळ बोललो, आणि ते बोलणं लग्नाआधी झालं म्हणून आमच्या घरात त्यावरून कधी भांडण झालं नाही.

पुण्यातली शिकवण्याची नोकरी आली तेव्हा अण्णा थकलेले होते. मधुमेह होता, इन्सुलिन मी टोचायची. नवरा बदली घ्यायला तयार होता. नवा ताव करताना मी 'अण्णांना कोण बघेल' ही ओळ लिहिली आणि मग खोडायला लागले, कारण ते समोर बसले होते आणि मला संकोच वाटला. त्यांनी माझा हात धरला. "खोडू नकोस. मी नको म्हणेन म्हणून शून्य लिहिलंस तर बेरीज खोटी. खरं असेल तेवढं ठेव." किती ठेवायचे हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी चार ठेवले. त्यांच्यासमोर, त्यांच्या डोळ्यांदेखत. ते काही बोलले नाहीत, पुढच्या ओळीकडे बोट दाखवलं.

बेरीज पुण्याकडे झुकली, आणि पुण्याच्या रकान्यात अण्णांच्या ओळीची चौकट रिकामी राहावी तशी एका गुणावर होती. तिच्यावर आम्ही काम केलं. इन्सुलिन कसं टोचायचं ते मी आईला शिकवलं. हजारो बिड्या वळलेल्या तिच्या बोटांना ते लगेच जमलं. सकाळची भाकरी आमच्याकडून त्यांच्याकडे जायला लागली. त्या बदल्यात अण्णांनी माझ्या धाकट्या भावाचं गणित हातात घेतलं, आणि आईला सही करायला शिकवलं. आईनं बँकेत खातं उघडलं ते त्यानंतर.

बेंजामिन फ्रँकलिनचं एक पत्र मी पुण्यात वाचलं. जोसेफ प्रिस्टली लीड्समध्ये धर्मोपदेशक होता. लॉर्ड शेलबर्ननं त्याला आपल्याकडे ग्रंथपाल म्हणून बोलावलं, तेव्हा जावं की न जावं हे त्यानं फ्रँकलिनला विचारलं. 19 सप्टेंबर 1772 ला फ्रँकलिननं लंडनहून उत्तर लिहिलं. काय करावं हे मी सांगू शकत नाही, मला तुझी परिस्थिती पुरेशी ठाऊक नाही, पण कसं ठरवावं ते सांगतो, असा त्याचा सूर. ताव मधोमध विभागायचा, तीन-चार दिवस सुचतील तशी दोन्हीकडची कारणं लिहायची, त्यांची वजनं अजमावायची, सारख्या वजनाची समोरासमोर खोडायची आणि उरेल ते बघायचं. प्रिस्टली गेला, आणि 1774 च्या ऑगस्टमध्ये शेलबर्नच्या बोवुडच्या वाड्यात त्यानं प्राणवायू वेगळा केला. ते पत्र वाचताना मला प्राणवायूपेक्षा पहिलं वाक्यच जास्त मोलाचं वाटलं. मित्र विचारतोय, आपल्याला मत असलं तरी ते बाजूला ठेवायचं. अण्णांनी फ्रँकलिन वाचला नव्हता. त्यांना हे भाव टिपता टिपता कळलं असावं. तिथं आपल्याला काय वाटतं ते कुणी लिहीत नाही, दुकानदार सांगेल तो भाव आणि घराघरांतून आलेलं वजन लिहितात.

निर्देशांकाचं पायाभूत वर्ष मधूनमधून का बदलतात हेही त्यांनीच मला सांगितलं होतं. माणसं बदलतात, खर्च बदलतो, जुनी वजनं नव्या घराला लागू पडत नाहीत. 2001 च्या मालिकेत अन्नाचं वजन 46.20 वर आलं. 2016 च्या मालिकेत ते 39.17 झालं, तेव्हा अण्णा नव्हते. मी तो आकडा आईला फोनवर सांगितला. ती म्हणाली, शिक्षणाचं आणि दवाखान्याचं वाढलं असेल. माझ्या आईनं, जिला सहीपुरतंच लिहिता येत होतं, हे बरोबर ओळखलं. तेव्हापासून मीही माझा जुना ताव काही वर्षांनी काढते आणि गुणांना हात न लावता आधी चिंचोके नव्यानं वाटते. 'शिकायची ओढ' या ओळीवर आता माझे तेवढे पडत नाहीत. 'आईसोबत दिवस' ही ओळ तेव्हा नव्हतीच.

माझ्या विद्यार्थिनी शेवटच्या वर्षाला आल्या की दाराशी येऊन उभ्या राहतात. आखातात जावं का, जर्मन भाषा शिकून तिकडची वाट धरावी का, गावातल्या आरोग्य केंद्रात कंत्राटी नोकरी घ्यावी का. "मॅडम, तुम्ही सांगा." त्यांचा विश्वास बघून जीभ शिवशिवते. कुणाला कुठं पाठवावं हे मला बहुतेक वेळा वाटतही असतं. मी कपाटातून ताव काढते. मागच्या महिन्यात मंगळवेढ्याकडची एक मुलगी बसली होती. वडील नाहीत, दोन धाकट्या बहिणी. वीसपैकी अकरा चिंचोके तिनं एकाच ओळीवर ठेवले, आणि ओळीत लिहिलं होतं, 'बहिणींना ठरवायला वेळ मिळावा'. असं वजन मी आजवर कुणाच्या तावावर पाहिलं नव्हतं. ते चुकीचं आहे की बरोबर, हे तिनं मला विचारलं. मी तिला विचारलं, त्या बहिणींना चिंचोके दिलेस का. ती म्हणाली नाही. या रविवारी ती त्यांना घेऊन येणार आहे, म्हणून आणखी चाळीस चिंचोके मी धुऊन वाळत घातले आहेत.